धन, उपकारस्तुती आणि भरवसा

ख्रिस्ती धर्म पैशाला वाईट मानतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात दोष दिला आहे तो पैशाच्या लोभाला. येशूच्या दृष्टांतातील श्रीमंत शेतकरी मूर्ख ठरतो, तो पीक भरघोस आले म्हणून नव्हे. कोठारे मोठी बांधण्यापलीकडे त्याला काही सुचले नाही. देणाऱ्याचीही आठवण नाही आणि शेजाऱ्याचीही नाही, म्हणून. मनुष्य धनाचा मालक नसून कारभारी आहे, हा या विचाराचा पाया होय. आणि कारभाऱ्याला हिशेब चुकत नाही.

पण मग उद्याची चिंता करू नये, या उपदेशाचे काय? तो आळशाच्या सोयीचा नाही काय? या शंकेचे उत्तर तर्कापेक्षा एका माणसाच्या व्यवहारात अधिक स्पष्ट दिसते.

जॉर्ज म्यूलर हा १८०५ साली प्रशियात जन्मलेला धर्मोपदेशक. १८३६ मध्ये त्याने इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी अनाथ मुलांसाठी घर उघडले. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या व दोन हजारांवर मुलांची सोय झाली. त्याचे नियम दोन : कोणापुढे हात पसरायचा नाही, आणि कर्ज काढायचे नाही. गरज सांगायची ती प्रार्थनेत, ईश्वराला. मात्र आलेल्या देणग्यांची तो नोंद ठेवी आणि हिशेब छापून प्रसिद्ध करी. हिशेब छापणे हे आडून मागणेच, असे कोणी म्हणेल. म्हणून ध्यानात घ्यावे की, १८४१ च्या अखेरीस तंगी असताना त्याने वार्षिक वृत्तांत मुद्दाम लांबणीवर टाकला. म्हणजे भरवसा ठेवणाऱ्याने वहीकडे पाठ फिरवली नाही. पै-पैची नोंद हीच त्याची उपकारस्तुती होती.

म्यूलरची हकीकत आपल्या पंडिता रमाबाईंनी वाचली होती, आणि तिचा आपल्या मनावर झालेला परिणाम त्यांनी स्वतः नमूद केला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थनेबरोबर विहिरी, शेती, विणकाम आणि छापखानाही चालला. ईश्वर देईल म्हणून हात जोडायचे, आणि तेच हात कामालाही लावायचे, अशी तेथील रीत.

यातून एक गोष्ट मात्र खाली उरते, आणि ती आपल्यासारख्या चार पैसे बाळगून असणाऱ्यांना टोचणारी आहे. ब्रिस्टलच्या मुलांची भाकर आकाशातून पडली नाही. कोणा माणसाच्या खिशातून आली. म्हणून भरवशाचा उपदेश श्रीमंताने उपाशी माणसाला करू नये. तो स्वतःला करावा; म्हणजे देताना उद्याच्या भीतीने मूठ आवळली जाणार नाही. मिळाल्याबद्दल जो खरोखर आभारी आहे, त्याची कृतज्ञता ओठांवर थांबत नाही, ती दुसऱ्याच्या ताटापर्यंत जाते.