शिशाचे सैनिक आणि साम्राज्याचे स्मरणरंजन

१. प्रास्ताविक

ललितगद्य आणि आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारांचा अभ्यास करताना ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा आपल्या वाचनात आली असेल. गतकाळाकडे ओढीने पाहणे आणि त्या पाहण्यातून सुख मिळवणे, असा तिचा स्थूल अर्थ आपण घेतो. मात्र ही वृत्ती केवळ शब्दांतून प्रकट होत नाही. ती वस्तूंमधूनही प्रकट होते. जुनी नाणी, छायाचित्रे, भांडी, खेळणी यांचा संग्रह करणारा माणूसही एका अर्थाने गतकाळाची संहिता रचत असतो. प्रस्तुत घटकात आपण अशाच एका संग्रहाचा विचार करणार आहोत. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनू लागलेले शिशाचे पोकळ सैनिक आणि त्यांच्या संग्रहातून जाणवणारी साम्राज्यकाळाची ओढ, हा आपला विषय आहे. हा विषय परदेशातील असला, तरी त्या सैनिकांच्या डब्यांत आपल्या देशातील माणसेही होती, हे ध्यानात ठेवावे.

२. संज्ञेचा विचार

‘स्मरणरंजन’ या मराठी संज्ञेमागे ‘नॉस्टॅल्जिया’ हा पाश्चात्त्य शब्द आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना, या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. होफरच्या दृष्टीने हा एक आजार होता: मायदेशापासून दूर राहणाऱ्यांना घराच्या ओढीने जडणारा. पुढे तो प्रामुख्याने परक्या राजांच्या फौजांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांशी जोडला गेला. म्हणजे ज्या शब्दाच्या आधारे आपण खेळण्यातील सैनिकांचा विचार करणार आहोत, त्याचे सुरुवातीचे धनी खरे सैनिकच होते.

मराठी संज्ञेची घडण मात्र वेगळी आहे. मूळ शब्दात वेदना आहे. मराठी शब्दात ‘रंजन’ आहे. मूळ शब्दात परतण्याचे स्थळ आहे. मराठी शब्दात स्थळाच्या जागी ‘स्मरण’ आले आहे. भाषांतर म्हणून ही जोडी काटेकोर नाही, परंतु विसाव्या शतकात त्या वृत्तीचे जे झाले, ते मराठी शब्दाने नेमके पकडले आहे. दुःख गळून पडते आणि करमणूक उरते. ही प्रक्रिया कशी घडते, हे शिशाच्या सैनिकांच्या उदाहरणातून स्पष्ट होईल.

३. सैनिकांची घडण

युरोपात खेळण्यातील सैनिक अठराव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर बनत. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे कथलाच्या चपट्या सैनिकांसाठी प्रसिद्ध होते. पुढे जर्मनी आणि फ्रान्समध्ये भरीव सैनिकही तयार होऊ लागले. ते देखणे असले तरी जड आणि महाग होते. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन (धाकटे) यांनी पोकळ ओतकामाची पद्धत वापरात आणली. वितळलेला शिसेमिश्रित धातू साच्यात ओतला की, साच्याच्या थंड भिंतीला टेकलेला थर आधी गोठतो. त्याच क्षणी साचा उलटा करून आतील पातळ धातू बाहेर ओतून घेतला की, बाहेरून पूर्ण आणि आतून रिकामा सैनिक हाती येतो. धातूची बचत झाल्याने किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांतील मुलांनाही सैन्य बाळगणे परवडू लागले. सुमारे ५४ मिलिमीटर ही उंची या सैनिकांची जणू ठरीव उंची झाली.

हा काळ ब्रिटिश साम्राज्याच्या ऐन भराचा होता, आणि कारखान्याच्या यादीत त्याचे प्रतिबिंब पडले. राणीच्या अंगरक्षक दलाबरोबर बंगाल लान्सर्स, बिकानेरचे उंटदळ, इजिप्तचे उंटस्वार, दक्षिण आफ्रिकेतील बोअर आणि भाले घेऊन धावणारे झुलू योद्धे यांचेही संच विक्रीस होते. एखाद्या मुलाने वाढदिवसागणिक एकेक डबा जमवला, तर काही वर्षांत अर्धे जग त्याच्या फळीवर उभे राही.

४. खेळ आणि जीवन

या खेळाचा प्रभाव किरकोळ नव्हता. विन्स्टन चर्चिल यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात बालपणीच्या संग्रहाविषयी लिहिले आहे. त्यांच्याजवळ सुमारे १५०० सैनिक होते. वडिलांनी एकदा त्या सैन्याची पाहणी केली आणि लष्करात जायला आवडेल का, असे विचारले. मुलाने होकार दिला आणि पुढील शिक्षणाची दिशा ठरली. पोकळ सैनिकांच्या आधीच्या काळातील हा प्रसंग आहे.

याउलट एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांनी लढाई खेळण्याचे नियम सांगितले आणि शेवटी खऱ्या युद्धाचा निषेध केला. लढायची हौस जमिनीवर फळकुटे मांडून भागवावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. एकाच खेळण्यातून एकजण रणांगणाकडे गेला आणि दुसरा युद्धविरोधाकडे. म्हणून वस्तूचा अर्थ वस्तूतच बंदिस्त असतो, असे मानू नये.

५. खेळण्यातून संग्रहाकडे

आता कालक्रमाकडे पाहा. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. १९५६ च्या सुएझ प्रकरणात ब्रिटनची मर्यादा उघड झाली. १९६० च्या दशकात आफ्रिकेतील बहुतेक ब्रिटिश वसाहती स्वतंत्र झाल्या. याच दशकात, १९६६ मध्ये, ब्रिटनच्या कारखान्याने शिशाचे पोकळ सैनिक बनवणे थांबवले. त्याचे कारण राजकीय नव्हते. शिशाच्या विषारीपणाविषयीची चिंता आणि प्लॅस्टिकची स्वस्ताई ही त्यामागची कारणे होती. तरीही साम्राज्य आणि त्याची खेळणी जवळजवळ एकाच सुमारास दुर्मिळ झाली. जे दुर्मिळ झाले, ते जमवण्याजोगे झाले.

संग्राहकांची पहिली मोठी पिढी ही त्या सैनिकांशी लहानपणी खेळलेल्यांचीच होती. त्यांना ओढ होती ती मुख्यतः आपल्या बालपणाची. परंतु त्या बालपणाच्या डब्यात साम्राज्य भरलेले होते. त्यामुळे ‘माझे लहानपण किती सुखाचे होते’ आणि ‘तो काळ किती वैभवाचा होता’ ही दोन विधाने एकमेकांत मिसळली. त्यांतील पहिले विधान खाजगी आणि निरुपद्रवी आहे. दुसरे ऐतिहासिक आहे आणि तपासून पाहण्याजोगे आहे. स्मरणरंजनाचे विवेचन करताना ही दोन विधाने वेगळी काढणे, ही अभ्यासकाची पहिली जबाबदारी होय.

प्रत्येक संग्राहक साम्राज्यवादी असतो, असा याचा अर्थ नाही. कोणाला गणवेशांच्या इतिहासात रस असतो, कोणाला रंगकामाच्या कारागिरीत. मूळ रंग शाबूत असलेला आणि मूळ डब्यातील संच मिळाल्याचा आनंद हा बराचसा शोधाचा आनंद असतो. प्रश्न व्यक्तीच्या हेतूचा नसून संग्रहाच्या रचनेचा आहे.

६. संग्रहाच्या रचनेतील तीन क्रिया

पहिली क्रिया लघुकरणाची. सैनिक बोटाएवढा झाला की पाहणारा आपोआप सेनापतीच्या जागी जातो. तो वरून पाहतो. खंदकातून पाहत नाही.

दुसरी क्रिया निवडीची. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश सैन्य खाकी पोशाखात लढले. तरी खेळण्यांच्या फळीवर समारंभी लाल अंगरखेच अधिक उठून दिसत. ‘खाकी’ हा शब्द ‘खाक’ म्हणजे माती, धूळ यावरून आलेला आणि हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला. स्मरणरंजनाला धुळीचा रंग रुचत नाही.

तिसरी क्रिया स्थिरीकरणाची. फळीवरील झुलू कायम धावत असतो आणि कधीच पोहोचत नाही. पण २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे झुलू पोहोचले होते आणि त्यांनी ब्रिटिश फौजेचा दारुण पराभव केला होता. उलट २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमधील ओमदुर्मान येथे ब्रिटिश-इजिप्शियन सैन्याचे पन्नासच्या आसपास सैनिक ठार झाले, तर सुदानी बाजूचे दहा हजारांच्या वर. या लढाईत तरुण चर्चिल घोडदळात होते. असे प्रमाण कोणत्याही डब्यात मांडता येत नाही.

७. डब्यात न मावलेली माणसे

बिकानेरच्या उंटदळाचे खरे नाव ‘गंगा रिसाला’. या दळाने १९१५ मध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणात भाग घेतला. खेळण्यात मात्र त्याची ओळख उंट, फेटा आणि बंदूक एवढीच उरते.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण कुत-अल-अमाराचे आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेलेल्या सहाव्या तुकडीचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून ही फौज कुत येथे तुर्की वेढ्यात अडकली. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. कैदेतील वाटचालीत आणि छावण्यांत असंख्य शिपाई मेले. घराच्या ओढीची वेदना, म्हणजे होफरचा मूळ ‘अल्गोस’, या शिपायांनी भोगला. त्यांच्या वाट्याला स्मरण आले तेही थोडके, आणि रंजन तर नाहीच.

येथे ‘शिपाई’ या शब्दाचा प्रवासही लक्षात घ्यावा. फारसी ‘सिपाही’पासून इंग्रजीत ‘सिपॉय’ झाला आणि तो हिंदी सैनिकापुरता मर्यादित राहिला. मराठीत तोच शब्द लढवय्यापासून कचेरीच्या दाराशी बसणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत उतरला. साम्राज्याने माणसांची उतरंड कशी लावली, याची नोंद शब्दांच्या अर्थातही राहते.

८. आपला परिसर

महाराष्ट्रात दिवाळीत मुले दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात आणि मावळे मांडतात. हेही खेळण्यातील सैनिकच. परंतु दोहोंत फरक आहे. दिवाळीचा किल्ला दरवर्षी मोडतो आणि पुन्हा बांधला जातो. तो फळीवर जपला जात नाही. त्यामागील स्मृती परक्या भूमीवरील सत्तेची नसून परसत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या राज्याची आहे. तरीही लघुकरण, निवड आणि स्थिरीकरण या तीन क्रिया येथेही घडतात. किल्ला बांधणारे बेलदार, पाणी भरणारे, दाणागोटा पुरवणारे रयत हे आपल्या मातीच्या किल्ल्यावर सहसा नसतात. दुसऱ्याच्या स्मरणरंजनाला लावलेली कसोटी स्वतःच्या स्मृतीलाही लावणे, हा अभ्यासाचा प्रामाणिकपणा होय.

स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेने २००१ मधील आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत: हरवलेले पुन्हा जसेच्या तसे उभारू पाहणारे, आणि हरवले आहे हे मान्य करून त्यावर चिंतन करणारे. रेनाटो रोसाल्डो यांनी १९८९ मध्ये आणखी एक विसंगती दाखवली. आपणच जे नष्ट केले किंवा बदलून टाकले, त्याच्याविषयी साम्राज्यकर्ते हळहळ व्यक्त करतात. आणि ही हळहळ त्यांना निरपराध भासवते.

९. सारांश

शिशाचा सैनिक बाहेरून पूर्ण आणि आतून पोकळ असतो. आतला धातू ओतून काढल्यामुळेच तो हलका आणि स्वस्त होतो. साम्राज्याच्या स्मरणरंजनातही वेदना ओतून काढलेली असते. ती परत भरणे हे इतिहासाचे आणि साहित्याचे काम आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांचे लष्करी पदक किंवा गणवेशातील छायाचित्र असेल. त्याचा अभिमान बाळगावा. मात्र ते कोणासाठी, कोणाविरुद्ध आणि कोणत्या गरजेपोटी लढले, हेही विचारावे. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘नॉस्टॅल्जिया’ आणि ‘स्मरणरंजन’ या शब्दांच्या घडणीतील फरक स्पष्ट करा.
२. संग्रहाच्या रचनेतील तीन क्रिया सांगून त्या एखाद्या मराठी आत्मचरित्राला लावून पाहा.
३. आपल्या घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, यावर वीस ओळी लिहा.