वेमोचा ताळेबंद

मंडळातल्या अनेक घरांतली मुले अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेले सभासद सॅन फ्रान्सिस्कोतल्या चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीचे कौतुक सांगतात आणि मग आम्हा बँकवाल्यांना विचारतात, "या वेमोचे शेअर घ्यावेत का?" त्यासाठी ही कंपनी वाढली कशी, ते आधी पाहू.

गूगलने २००९ मध्ये हे काम प्रयोग म्हणून सुरू केले. डिसेंबर २०१६ मध्ये त्याची वेमो ही वेगळी कंपनी झाली. मालकी अल्फाबेटची, म्हणजे गूगलच्याच पालक कंपनीची. फिनिक्स भागात चालकाविना टॅक्सी सर्वांसाठी खुली झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. तब्बल अकरा वर्षांनी! असा कर्जप्रस्ताव आमच्या टेबलावर आला असता, तर तारण काय आणि हप्ते कधीपासून, या दोन प्रश्नांवरच फाइल परत गेली असती. ते योग्यही ठरले असते, कारण बँकेचा पैसा ठेवीदारांचा असतो. असली कामे भागभांडवलावरच उभी राहतात. इथे पाठीशी गूगलच्या जाहिरातींचा नफा होता. बाहेरचे गुंतवणूकदार २०२० मध्ये आले. २०२४ मध्ये आणखी ५.६ अब्ज डॉलर उभे राहिले.

चालकाचा पगार वाचतो हे खरे. पण प्रत्येक गाडीवर कॅमेरे, रडार आणि लेसरने अंतर मोजणारे लायडार बसवावे लागतात, प्रत्येक शहराचा बारीक नकाशा करावा लागतो. शिवाय चार्जिंग, धुलाई, देखभाल आणि घसारा आहेच.

मे २०२४ मध्ये आठवड्याला सुमारे ५०,००० सशुल्क फेऱ्या होत होत्या. एप्रिल २०२५ मध्ये अडीच लाखांवर गेल्या. मात्र फेऱ्या म्हणजे उलाढाल, नफा नव्हे. वेमो ज्या गटात मोडते, त्या अल्फाबेटच्या इतर उद्योगांचा २०२४ चा तोटा चार अब्ज डॉलरहून अधिक होता.

जनरल मोटर्सची क्रूझ याच वाटेवर होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीची धडक बसून पडलेली एक महिला क्रूझच्या गाडीखाली येऊन फरफटत गेली. कॅलिफोर्नियाने परवाना थांबवला. दहा अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने टॅक्सीचा बेत सोडून दिला. फोर्ड आणि फोक्सवॅगनचा पैसा असलेली आर्गो तर २०२२ मध्येच बंद झाली होती.

आता मूळ प्रश्न. वेमोचा वेगळा शेअर बाजारात नाही. घ्यायचा तर अल्फाबेटचा घ्यावा लागतो, आणि त्यात मुख्य कमाई जाहिरातींची. फोनवर कोणी "वेमोचे शेअर स्वस्तात मिळवून देतो" म्हणाला, तर पैसे पाठवण्याआधी घरातल्या मुलांना जरूर विचारा.