हवानाची न जुळणारी वही

बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. वही फारच बिनचूक जुळली, की जुना तपासनीस चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

क्यूबात १९७०च्या दशकात गृहमंत्रालयच गुन्हेगारी कादंबऱ्यांच्या स्पर्धा भरवीत असे. त्या कादंबऱ्यांतला हिशेब असाच चोख! पोलीस निष्कलंक, गुन्हेगार क्रांतीचा शत्रू, शेवटी समाजाची जीत. या वहीत ठळक खाडाखोड केली ती लिओनार्दो पादुराने.

पादुराचा जन्म १९५५चा, हवानाच्या मांतिया या वस्तीतला. विद्यापीठात साहित्य शिकून तो एका सांस्कृतिक नियतकालिकात लागला. १९८३ मध्ये वैचारिक शिस्तीचे कारण दाखवून त्याची एका दैनिकात रवानगी झाली. ही शिक्षा त्याला फळली. बातमीदार म्हणून शहर धुंडाळता धुंडाळता त्याचा हात तयार झाला.

त्याच्या लेफ्टनंट मारिओ कोंदेची पहिली कादंबरी १९९१ मध्ये छापली गेली, तीही मेक्सिकोत. एक बडा सरकारी अधिकारी बेपत्ता होतो. तो कोंदेचा शाळासोबती. त्याच्या नावावर एकही डाग नाही. कोंदेला संशय येतो तो नेमका याच गोष्टीचा.

१९९८ पर्यंत आणखी तीन कादंबऱ्या आल्या. चारही १९८९ सालात घडतात, एकेका ऋतूत. कोंदे रम पितो, लेखक व्हायचे राहून गेले म्हणून झुरतो. त्याचा जिवलग ‘हडकुळा’ कार्लोस अंगोलाच्या युद्धात जखमी होऊन चाकाच्या खुर्चीला खिळला आहे, आणि आता हडकुळाही उरलेला नाही. टंचाईतही कार्लोसची आई होसेफिना कुठून कोण जाणे, पोरांसाठी मेजवानी उभी करते. शेवटी कोंदे नोकरी सोडतो आणि पुढे जुनी पुस्तके विकू लागतो.

२००९ मध्ये पादुराने ट्रॉट्स्कीच्या मारेकऱ्यावर मोठी कादंबरी लिहिली. २०१२ मध्ये क्यूबाचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार त्याला मिळाला. २०१५ मध्ये स्पेनचा प्रतिष्ठेचा ‘प्रिन्सेस ऑफ आस्तुरियास’ पुरस्कार घ्यायला तो गेला, तो हातात बेसबॉलचा चेंडू घेऊन. बाहेर कीर्ती झाली, स्पॅनिश नागरिकत्वही मिळाले. तरी मांतियातले घर त्याने सोडले नाही.

कोंदेच्या कथांत खुनी सापडतो, केस बंद होते. पण कार्लोसचे पाय कोणाच्या नावे टाकायचे? तो रकाना पादुराने मोकळाच ठेवला आहे. मला तो त्याचा प्रामाणिकपणा वाटतो.