कारखान्याचे खेळते भांडवल व सभासदाचे ऊसबिल

भांडवलाचे फिरणे शेतकऱ्यास नवे नाही. मेथीच्या वाफ्यात घातलेला रुपया महिना-दीड महिन्यात बाजारातून परत येतो व त्याच वर्षी पुन्हा कामास लागतो. आडसाली उसात घातलेला रुपया मात्र सोळा-अठरा महिने शेतातच अडकून पडतो. साखर कारखान्याचीही गोष्ट तीच. ऊस, बारदान व मजुरी यांत घातलेला पैसा साखर विकून हाती येईपर्यंत गुंतून राहतो, त्यास खेळते भांडवल म्हणतात. ते वर्षातून जितके अधिक वेळा फिरेल तितका कारभार चोख, असा समज आहे. तो बहुतांशी खराही आहे; परंतु त्यात एक खोच आहे, व ती आपल्याच पदराशी बांधलेली असल्यामुळे सभासद बंधूंपुढे मांडतो.

मोजण्याची रीत सोपी आहे. गोदामातील माल व गिऱ्हाइकांकडील येणे यांच्या बेरजेतून पुरवठादारांचे देणे वजा करावे. बँकेचे कर्ज या हिशेबात धरू नये. जी बाकी राहील तिने वर्षाच्या विक्रीस भागावे. समजा, विक्री ३०० कोटी, माल ९० कोटी, येणे १० कोटी व देणे ४० कोटी रुपये आहे. बाकी ६० कोटी. म्हणजे भांडवल वर्षात ५ वेळा फिरले. अहवालात हा आकडा शोभून दिसेल. आता त्या ४० कोटींपैकी ३० कोटी हे मुदत टळलेले ऊसबिल आहे असे धरा. ते वेळेवर दिले असते, तर बाकी ९० कोटी झाली असती व फेरे साडेतीनही भरले नसते. वरच्या फेऱ्यांचे श्रेय कोणाचे, हे वाचकांनीच ठरवावे.

हीच गोष्ट दिवसांत मांडता येते. मालाचा वार्षिक खर्च २७० कोटी धरल्यास साखर गोदामात सुमारे १२२ दिवस राहते व उधारी १२ दिवसांत वसूल होते. त्यातून देणे थकविण्याचे ५४ दिवस वजा जाता ८० उरतात. ऊसबिल थकले नसते तर तेच १२० झाले असते. मधले ४० दिवस उत्पादकाच्या पैशावर निघाले.

कायदा याविषयी स्पष्ट आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, निराळा लेखी करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. विलंबास सालीना १५ टक्के व्याज आहे. एक लाखाच्या बिलास ६० दिवस उशीर झाला तर हे व्याज सुमारे २,४६६ रुपये होते. (करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, हे सांगणे न लगे.) साखर आयुक्तांनी दाखला दिला म्हणजे जिल्हाधिकारी ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. कारकुनीच्या काळात असे कागद माझ्या हातून गेले आहेत. शेतसाऱ्याची बाकी असली म्हणजे कुळास निदान आपली जमीन कोठे आहे ते ठाऊक असते. येथे गोदामाच्या दारी जावे, तो आतील साखर बँकेकडे तारण असल्याचे कळे.

व्यवस्थापकांची बाजूही ऐकली पाहिजे. गाळप चार-पाच महिन्यांत उरकते, विक्री मात्र वर्षभर चालते. शिवाय २०१८ च्या जूनपासून केंद्र सरकार महिन्याचा विक्रीकोटा ठरवू लागल्याने साखर मनास येईल तेव्हा विकता येत नाही. म्हणून साखरेचे भांडवल हळू फिरणे हा दोष नव्हे. तसेच केवळ ३१ मार्चचा ताळेबंद पाहून निकाल देऊ नये. त्या सुमारास गोदामे भरलेली असतात व फेरे उगाच कमी दिसतात. बारा महिन्यांच्या अखेरच्या शिलकांची सरासरी घ्यावी.

ही सरासरी छापील अहवालात सहसा सापडत नाही. वार्षिक सभेपूर्वी लेखी अर्ज देऊन दोन आकडे मागावेत : दरमहा अखेरची साखरेची शिल्लक, आणि त्याच तारखेस १४ दिवसांहून जुने असलेले ऊसबिल. दुसरा आकडा वेगळा काढून दिला नाही, तर तो देण्यांच्या एकूण रकमेत कोठे मिसळला आहे, हे सभेत विचारावे व उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.