जुन्या कॅम्परची वार्षिक परीक्षा

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची ‘एमओटी’ तपासणी करावी लागते. ही पद्धत 1960 साली सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती. चाळीस वर्षं उलटलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांना आज सूट मिळते. 1990 च्या फोक्सवॅगन कॅम्परला मात्र अजून ती नाही.

अशा गाडीचा खरा वैरी गंज. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या कॅम्परमध्ये तो पत्र्याच्या सांध्यांतून आत शिरतो. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे जोडलेले असतात, तिथून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजला असेल तर गाडी नापास होऊ शकते. तिथे लांबी भरून, वर रंग फासून भागत नाही. नवा पत्रा वेल्डच करावा लागतो. म्हणून हुशार मालक महिनाभर आधीच टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो.

टायरच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. हँडब्रेक अडकतो का, ब्रेकचे पाइप गंजलेत का, हेही पाहावं. बल्ब, हॉर्न आणि वायपर तर घरीच पाच मिनिटांत तपासता येतात, तरी लोक त्यातच अडकतात! गाडीचे जुने निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. गेल्या वर्षीचे शेरे वाचले की कामांची यादी आयतीच मिळते.

आतली गॅसची शेगडी आणि फ्रिज मात्र या तपासणीत येत नाहीत. ते गॅसच्या जाणकार तंत्रज्ञाकडून वेगळे तपासून घ्यावे लागतात.