छोट्या आगगाडीचे रूळ

खेळातली विजेची आगगाडी घ्यायची म्हटली, की आपली नजर आधी इंजिनावर जाते. रुळांचा विचार मागाहून. खरे पाहता क्रम उलटा हवा. या गाडीचा रूळ नुसता रस्ता नव्हे. तो तिची विजेची तारही आहे. दोन रुळांतून साधारण १२ व्होल्टचा प्रवाह येतो आणि चाकांवाटे मोटारीला मिळतो. एखादा जोड सैल झाला, की गाडी अडखळते. ती चारदा अडखळली, की घरातल्या मुलाची हौसही तिथेच थांबते.

नवशिक्याने 'एचओ' हे माप घ्यावे. त्यात गाडी खऱ्या गाडीच्या १/८७ असते व दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. ९ मिलिमीटरचे 'एन' माप जागा वाचवते खरे. पण इतके चिमुकले डबे रुळावर बसवणे मुलांच्या बोटांना जड जाते.

आता रुळांचे प्रकार. पहिला, सुटे ठरीव तुकडे: काही सरळ, काही वाकडे. ते स्वस्त पडतात. मात्र फळीवर खिळ्यांनी पक्के करावे लागतात. दुसरा, तेच तुकडे, पण खाली प्लॅस्टिकची खडी जोडलेले. हे एकमेकांत खटकन बसतात, जमिनीवरही मांडता येतात आणि खेळ संपला की उचलून ठेवता येतात. तिसरा, सुमारे तीन फुटांचा लवचिक रूळ. तो हवा तसा वळवता येतो आणि जोडही कमी लागतात. पण तो कापायचा, कानशीने घासायचा, वळणावर कोन न पडू देता बसवायचा, म्हणजे हात तयार हवा.

धातूकडेही पाहावे. पोलादी रूळ आपल्या पावसाळ्यात गंजतो. पितळ काळवंडते आणि तो थर विजेला अडवतो. निकेल-सिल्व्हर त्या मानाने पुष्कळ कमी त्रास देते. नावात चांदी असली, तरी ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे बरं का!

वळणाचा हिशेब मात्र कागदावर आधी करावा. १८ इंच त्रिज्येचे वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते. आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवुडवर ते आरामात मावते. तरीही हे वळण फार तीव्र आहे. आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरहून लहान त्रिज्या चालत नाही. एचओ मापात ती सुमारे दोन मीटर होईल. म्हणून अशा वळणावर आखूड डबेच शोभतात. लांब डबे बाहेर झुकतात, प्रसंगी घसरतात.

तेव्हा सुरुवात खडीसह येणाऱ्या निकेल-सिल्व्हरच्या तुकड्यांनी करावी. एक लंबवर्तुळ आणि फार तर एकच सांधा. सगळे एकाच कंपनीचे घ्यावे, कारण निरनिराळ्या कंपन्यांची खडी एकमेकींत सहसा बसत नाही. मांडणी झाली, की इंजिन अगदी सावकाश चालवून पाहावे. वेगात लपलेला दोष मंद चालीत उघडा पडतो. दूरच्या टोकाला गाडी मंदावली, तर तिथे विजेच्या तारांची आणखी एक जोडी द्यावी.

हौस टिकली, तर लवचिक रूळ पुढे आहेतच. पण ती टिकायला पहिल्याच दिवशी गाडी न थांबता फिरली पाहिजे.