ड्रॅगनचा डोळा

मुलांनो, लिची तुम्हांला आवडते ना? तिच्याच कुळातले एक फळ आहे लोंगान. ते मूळचे दक्षिण चीनकडचे. आपल्या मॉरिशसमध्येही त्याची झाडे आहेत.

लोंगान मोठ्या गोटीएवढे असते. ते घोसाने लागते. लिची लालचुटूक, पण लोंगानची साल मातकट. म्हणून काही मुले त्याला हातही लावत नाहीत. पण साल सोलून पाहा! आत पांढुरका, काचेसारखा गर दिसतो. त्यातून काळी, चकचकीत बी डोकावते. जणू डोळ्यातले बुबुळच! म्हणून चिनी लोक त्याला 'ड्रॅगनचा डोळा' म्हणतात.

गर रसाळ व गोड असतो. लिचीपेक्षा आंबटपणा कमी. चीनमध्ये तो वाळवूनही खातात.

बी मात्र गिळू नका. धाकट्या भावंडांना बी काढूनच गर द्या.

आता सांगा, नुसती साल पाहून फळाची गोडी कळते का?